घड्याळ कुठे सुरू केलंस?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर महिनाभर स्क्रीनसमोर बसायचं नाही अशी घरच्यांची तंबी होती. ती मुदत संपली. आता पुन्हा आपली जुनी खुर्ची, जुना डेस्कटॉप आणि तुम्ही मंडळी.

विषय जरा विचित्र वाटेल. इतिहास-मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने कॉम्प्युटरच्या वेगाबद्दल का बोलावं, असं ठाण्याच्या वन्सं नक्की म्हणणार. पण मला कॉम्प्युटर आतून कसा चालतो त्याबद्दल काहीच सांगायचं नाही. मला घड्याळाबद्दल बोलायचं आहे. कॉम्प्युटर एखादं काम आपोआप करतो तेव्हा त्याला किती वेळ लागला, हे आपण मोजतो कसं? माझं मत असं की बहुतेक वेळा आपण चुकीच्या ठिकाणी घड्याळ सुरू करतो, चुकीच्या ठिकाणी बंद करतो आणि मग त्या आकड्यावर खूश होऊन बसतो. त्यात कधी कधी खऱ्या माणसांचं नुकसान होतं.

आधी छोटी गोष्ट. माझा एक विद्यार्थी (सातवी-आठवीत माझ्या वर्गात होता, आता त्याची मुलं कॉलेजात आहेत) उल्हासनगरला कॅम्प पाचच्या जीन्स मार्केटमध्ये धंदा करतो. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही सर्वांनी ऐकला असेलच. तो स्वतः मात्र मराठी, आणि त्याच्या पँटवर त्याच्याच मुलीचं नाव असतं. तर हा मुलगा दिवाळीत फराळाला आला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "बाई, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवून घेतलाय. दोनशे बिलं अडीच मिनिटांत! पूर्वी मुनीमकाकांना दोन दिवस लागायचे."

मी म्हटलं, "घड्याळ कुठे सुरू केलंस?"

तो हसला. वर्गात खेळाच्या तासाला मी हेच विचारायची म्हणे. आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक एकच, आणि वार्षिक स्पर्धांना स्टॉपवॉच धरायला माणसं कमी पडायची, म्हणून ते काम कायम माझ्याकडे. वीसेक वर्षं मी अंतिम रेषेवर उभी राहून ते बटण दाबलं. त्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली आहे. वेळ मोजणाऱ्याचं बोटसुद्धा त्या वेळेत मिसळलेलं असतं. पिस्तुलाचा आवाज कानात शिरून बोट हलेपर्यंत क्षणभर जातो. धावणारा रेषेकडे येताना मात्र आपल्याला दिसत असतो, म्हणून तिथे आपण उशीर करत नाही. म्हणजे हाताने मोजलेली वेळ नेहमी जराशी कमी भरते. ॲथलेटिक्समध्ये हाताच्या घड्याळाची १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची असेल तर तीत ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, ती याचसाठी. पाव सेकंदाचा हिशोब! आणि इथे आपण दोन दिवसांची तुलना अडीच मिनिटांशी करतो आहोत आणि सुरुवात कुठली, शेवट कुठला हे कोणी विचारत नाही.

त्याचं उत्तर सरळ होतं. प्रोग्रॅम स्वतःच सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ एका फाइलीत लिहितो. त्या दोघांमधला फरक अडीच मिनिटं. खोटं काहीच नाही. पुढे मी त्याच्या ऑफिसात गेले तेव्हा (चहा आणि शेव-पुरीच्या आमिषाने गेले होते, कबूल!) आम्ही खरोखर वही घेऊन बसलो. ऑर्डरी येतात व्हॉट्सॲपवर. कोणी कागदाचा फोटो पाठवतो, कोणी नुसतं बोलून पाठवतो, "अट्ठावीसपासून अडतीसपर्यंत प्रत्येकी दोन डझन, मागच्या वेळचाच निळा". ते सगळं ऐकून, वाचून एक मुलगा एक्सेलमध्ये भरतो. एकाच व्यापाऱ्याचं नाव तीन तऱ्हांनी येतं. ते एक केलं नाही तर प्रोग्रॅम तीन वेगळी गिऱ्हाइकं समजतो. हे सगळं झाल्यावर बटण. मग अडीच मिनिटांत बिलं तयार, प्रत्येकाची पीडीएफ तयार, ईमेल रवाना. त्यानंतर मुनीमकाका बिलं चाळतात, चार-पाच चुकलेली निघतात, ती हाताने होतात. पहिल्या ऑर्डरीच्या फोटोपासून शेवटचं बिल बरोबर होईपर्यंत त्या दिवशी लागले सव्वापाच तास.

आता बघा. मुनीमकाकांचे 'दोन दिवस' म्हणजे काय होतं? फोन घेणं, वहीत टिपणं, नावं जुळवणं, बिलं लिहिणं, तपासणं, सगळं. तो पहिल्यापासून शेवटपर्यंतचा वेळ. प्रोग्रॅमची अडीच मिनिटं म्हणजे मधला एक तुकडा. दोन दिवसांचे सव्वापाच तास झाले ही मोठीच गोष्ट आहे, आणि मी त्याला तसं सांगितलं. पण दोन दिवसांची अडीच मिनिटं झालेली नाहीत. फायदा खरा, आकडा खोटा. आणि आकडा खोटा असला की पुढचे निर्णयही तसेच होतात. 'अडीच मिनिटांचं तर काम' म्हणून त्या टायपिंग करणाऱ्या मुलाचा पगार वाढवायचं राहून गेलं होतं, कारण हिशोबात त्याचे साडेतीन तास कुठे दिसतच नव्हते.

आणखी एक. अडीच मिनिटं हीसुद्धा रोजची नव्हती. आम्ही आठवडाभर त्या फाइलीतल्या वेळा उतरवून काढल्या. सकाळी कॉम्प्युटर नुकता चालू केलेला असताना चार मिनिटांच्या वर. तेच काम लगेच दुसऱ्यांदा केलं तर सव्वादोन, कारण बऱ्याच गोष्टी त्याच्या हाताशी आधीच काढून ठेवलेल्या असतात. आपलंही तसंच, दुसरी पोळी पहिलीपेक्षा लवकर होते, तवा तापलेला असतो. आणि एका दिवशी चाळीस मिनिटं! का? तर मध्येच एक चौकोन उघडला होता, 'ही फाइल आधीच आहे, बदलू का? हो / नाही'. प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला आणि समोर माणूसच नव्हता, सगळे जेवायला गेलेले. आता याची सरासरी काढा. नऊ वेळा दोन-दोन मिनिटं आणि एकदा चाळीस, असं धरलं तर सरासरी जवळजवळ सहा मिनिटं येते. सहा मिनिटं तर एकाही दिवशी लागली नव्हती! म्हणून मी त्याला म्हटलं, सरासरी सोड. एक 'नेहमीची' वेळ सांग आणि एक 'वाईटात वाईट'. शर्यतीत पोराची सर्वांत चांगली वेळ लिहितात, ते ठीक आहे, तिथे बक्षीस द्यायचं असतं. पण ज्या कामावर दुसऱ्याचा टेम्पो अडून बसलाय, तिथे वाईट दिवशी किती वेळ लागतो तेच खरं महत्त्वाचं.

असो. हे दुकानापुरतं असतं तर मी ब्लॉगवर लिहिलं नसतं. पण अशीच एक आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची शर्यत रोज सकाळी सगळ्या देशात लागते आणि त्यात आपण सगळे, कळत-नकळत, धावत असतो. तत्काळची तिकिटं.

बदलापूर-अंबरनाथमधल्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा. एक घर सिंधुदुर्गातलं, एक साताऱ्याचं, एक जळगावकडचं, एक लातूरचं. मुंबईत जागा परवडेना म्हणून कल्याणच्या पुढे सरकत आलेली ही माणसं. गाव मागे आहे आणि गावाला आजारी माणूसही आहे. तत्काळ कोटा रेल्वेने १९९७ साली सुरू केला तो अशाच अडलेल्या माणसासाठी. आदल्या दिवशी सकाळी आरक्षण उघडतं, २०१५ पासून एसीचं दहाला आणि बिनएसीचं अकराला. आणि उघडल्यावर जे काही होतं ते मोजायला मिनिटकाटा पुरत नाही, सेकंदकाटा लागतो.

इथे एक फार बोलका आकडा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत रेल्वे सुरक्षा दलाचे तेव्हाचे महासंचालक अरुण कुमार यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की साध्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन तिकीट काढायला सुमारे २.५५ मिनिटं लागतात आणि बेकायदा सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला १.४८. त्या वेळी त्यांच्या दलाने साठ एजंट पकडले होते आणि एएनएमएस, मॅक, जॅग्वार अशा नावांची सॉफ्टवेअर बंद पाडली होती. ही सॉफ्टवेअर लॉगिनचा कॅप्चा, बुकिंगचा कॅप्चा आणि बँकेचा ओटीपी, तिन्ही चुकवून पुढे जात.

आता मास्तरकी केल्याशिवाय राहवत नाही. २.५५ मिनिटं म्हणजे दोन मिनिटं पंचावन्न सेकंद, की दोन पूर्णांक पंचावन्न शतांश मिनिटं? मिनिटाचे साठ भाग आणि दशांशाचे शंभर, यांची गल्लत पेपरवाले नेहमी करतात. पण गंमत बघा, पहिल्या रीतीने वाचलं तर फरक सदुसष्ट सेकंदांचा आणि दुसऱ्या रीतीने वाचलं तर साधारण चौसष्ट. कसंही वाचा, यंत्र माणसाच्या एक मिनिट आणि वर चार-सात सेकंद पुढे.

एक मिनिट म्हणजे किती? २२ मे २०२५ या दिवशी आयआरसीटीसीवर एकाच मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा त्यांचा तोवरचा विक्रम. सेकंदाला पाचशेतीस. ही सगळ्या देशातली, सगळ्या गाड्यांची तिकिटं, हे खरं. पण आपल्याला हव्या असलेल्या गाडीच्या एका डब्यात सत्तर-ऐंशी जागा, त्यातला तत्काळचा वाटा आणखी थोडा. तिथे चौसष्ट सेकंद मागे असणं म्हणजे सगळं आवरल्यावर पोचणं.

रेल्वेला हे कळत नव्हतं असं नाही. मी म्हणते, त्यांनी घड्याळाचाच उपयोग उलट बाजूने करून बघितला. २०१८ च्या आसपास जाहीर झालेल्या नियमांत असं होतं की प्रवाशांची माहिती भरायला कमीत कमी २५ सेकंद आणि कॅप्चा भरायला कमीत कमी ५ सेकंद लागले पाहिजेत. त्याहून लवकर कोणी भरलं तर तो माणूस नव्हे, यंत्र. मला हा नियम वाचून हसू आलं. आमच्याकडे पोरं राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या परीक्षेला बसतात, मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. तिथे सरकार बघतं की तू फार हळू तर नाहीस ना. आणि इथे सरकार बघत होतं की तू फार जलद तर नाहीस ना! एकाच माणसाला एका खिडकीवर हळू म्हणून नापास करायचं आणि दुसऱ्या खिडकीवर जलद म्हणून.

नियम वाईट नव्हता. पण तो कोणाला अडवतो हे मला बघायचं होतं, म्हणून घरी मोजलं. साइटवर नव्हे हो, साध्या कोऱ्या पानावर. चार माणसांची नावं, वयं, स्त्री-पुरुष, खालचा बर्थ हवा की वरचा. मला लागली दोन मिनिटं पाच सेकंद. (रोमन लिपीत स्वतःचं नाव लिहिताना मी अजून अडखळते.) नातीला एक्केचाळीस सेकंद. आणि आधीच लिहून ठेवलेली यादी उचलून चिकटवायला तीन. म्हणजे आम्हा दोघींपैकी कोणीच त्या पंचवीस सेकंदांच्या आत येत नाही, तो नियम आमच्यासाठी असून नसल्यासारखा. आणि प्रोग्रॅमचं काय? प्रोग्रॅमला सांगायचं की तीन सेकंदांत भर आणि बावीस सेकंद गप्प बस. सव्विसाव्या सेकंदाला बटण. थांबण्यात यंत्रासारखा पटाईत कोणी नाही. त्याला घाम फुटत नाही आणि घड्याळाकडे बघून हात थरथरत नाहीत. 'कमीत कमी इतका वेळ' हा नियम पाळणं सगळ्यात सोपं कोणाला, तर ज्याच्यासाठी तो केला त्यालाच. एवढा उपयोग मात्र झाला असेल, की बोटं जलद असलेल्या तरुण मुलांमध्ये आणि यंत्रामध्ये अंतर थोडं कमी झालं. माझ्यात आणि यंत्रात उरलेच शंभर सेकंद.

आणि इथे परत माझा जीन्स मार्केटमधला प्रश्न. घड्याळ कुठे सुरू केलं? त्या १.४८ मिनिटांत एजंटाच्या प्रोग्रॅमचं सगळं काम आलं का? नाही. प्रवाशांची नावं आदल्या रात्री भरून ठेवलेली, खोट्या ईमेलांवर उघडलेली खाती ओळीने उभी, पैशाची वाट आधीच मोकळी केलेली. त्याचं घड्याळ खरं म्हणजे काल सुरू झालं. आपलं दहा वाजता. आणि तिकीट खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचं? त्याचं पहाटे चारला. आरक्षण खिडकीबाहेर वहीच्या पानावर नंबर लावलेली यादी, कोणी मफलर गुंडाळून पायरीवर बसलेलं, कोणी 'माझा सातवा नंबर, चहा घेऊन येतो' म्हणून पिशवी ठेवून गेलेलं, हे कुठल्याही स्टेशनवर तुम्ही पाहिलं असेल. खिडकी उघडल्यावर क्लार्कने कितीही पटापट बोटं चालवली तरी पहिल्या दोन-तीन माणसांपुढे यादी सरकत नाही. त्या सातव्या माणसाचे सहा तास कुठल्याच मोजमापात येत नाहीत. 'मिनिटाला इतकी तिकिटं' या आकड्यात तर नाहीच नाही. तो आकडा यंत्राची पाठ थोपटतो. किती जण रिकाम्या हाताने परतले, ते तो सांगत नाही.

सॉफ्टवेअरवाले किती खोल शिरलेले होते याचा एक नमुना. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सीबीआयने आपल्याच खात्यातल्या एका असिस्टंट प्रोग्रॅमरला अटक केली. आरोप असा की 'निओ' नावाचं, एका फटक्यात शेकडो तत्काळ तिकिटं काढणारं सॉफ्टवेअर त्याने बनवून एजंटांना पुरवलं. तो आधी चार वर्षं आयआरसीटीसीत नोकरीला होता. म्हणजे पंचवीस सेकंदांचं कुंपण घालून काय होणार!

मग २०२५ मध्ये रेल्वेने दिशा बदलली, आणि ती मला योग्य वाटते. जूनमध्ये मंत्रालयाने सांगितलं की तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात, आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली आहेत. १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधारने पडताळलेल्या खात्यांना. एजंटांना पहिला अर्धा तास बंदी, म्हणजे एसीला दहा ते साडेदहा आणि बिनएसीला अकरा ते साडेअकरा. १५ जुलैपासून आधारचा ओटीपी. ऑक्टोबर २०२५ मध्ये साध्या आरक्षणातही पहिली पंधरा मिनिटं आधारवाल्यांनाच ठेवली. यातला फरक लक्षात आला का? आधी विचारत होते, 'तू किती वेगाने केलंस?' आता विचारतात, 'तू कोण?' यंत्राला पकडायला दुसरा प्रश्नच बरोबर. वेगाची नक्कल होते, नव्हे, यंत्र ती आपल्यापेक्षा चांगली करतं.

पण रेल्वे अर्ध्या वाटेवर थांबली, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्रं बाहेर काढली (समजा निघाली सगळी), तरी शर्यत शर्यतच राहिली. आता त्यात माझ्याविरुद्ध माझी नात आणि तिच्याविरुद्ध ज्याचं नेट जास्त वेगवान तो. ज्याच्या घरी रात्री कोणी गेलंय, त्याने सकाळी अकरा वाजता डोळे पुसत सेकंदकाट्याशी स्पर्धा का करावी? अडलेल्या माणसासाठी ठेवलेली सोय आपण वेगवान माणसाला बक्षीस म्हणून का देतो आहोत?

माझा उपाय साधा आहे. सोडत काढा. दहा ते सव्वादहा अर्ज घ्या, पैसे आधीच भरून घ्या, आणि सव्वादहाला कॉम्प्युटरने चिठ्ठ्या उचलाव्यात. एका कुटुंबाची एक चिठ्ठी, चौघं असली तर चार जागा शिल्लक असतील तरच ती लागेल. कॉम्प्युटरला हे काम काही क्षणांचं. त्याच्या वेगाचा उपयोग तिथे करा, शर्यत लावायला नको. आपल्याकडे ही पद्धत परकी नाही. म्हाडाची घरं सोडतीने जातात. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. ज्या पालकाने फॉर्म पहिल्या सेकंदाला भरला आणि ज्याने शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून भरला, दोघांची चिठ्ठी सारखीच. त्या सोडतीविषयी माझ्या बाकी पुष्कळ तक्रारी आहेत, त्या पुन्हा केव्हातरी.

"बाई, सोडत म्हणजे नशीब झालं की," असं आमच्या विद्यार्थ्याने म्हटलंच. अरे, आत्ता काय आहे मग? नेट मध्येच गेलं नाही हेही नशीबच. फरक इतकाच की ते नशीब पैसेवाल्याकडे जास्त झुकतं.

दुसरी शंका जास्त खरी आहे. एकाच माणसाने दहा चिठ्ठ्या टाकल्या तर? याचं उदाहरण आपल्या न्यू जर्सीच्या भाच्याला चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची सोडत असते. एकाच माणसासाठी वेगवेगळ्या कंपन्या नोंदणी करायच्या आणि त्याची चिठ्ठी डब्यात चार-पाच वेळा पडायची. शेवटी २०२४ साली त्यांनी नियम बदलला, माणूस पासपोर्टवरून ओळखायचा आणि कितीही कंपन्यांनी नाव दिलं तरी चिठ्ठी एकच. आमच्याकडे तेच काम आधार करू शकतं, आणि ते आता खात्याला जोडलेलंही आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वी सोडत काढली असती तर एजंटांनी डबा भरून टाकला असता. आज ती काढता येण्यासारखी आहे. म्हणूनच आत्ता बोलते आहे.

गरज नसताना उगाच चिठ्ठी टाकणाऱ्यांना आळा घालायला पैसे आधी घेणं पुरेसं आहे, कारण नक्की झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही. नंबर लागला नाही त्याचे पैसे मात्र त्याच दिवशी परत मिळायला हवेत.

राहिला खिडकीवरचा माणूस. पंधरा मिनिटांत एक क्लार्क दहा-बारा अर्जसुद्धा भरू शकणार नाही, त्यामुळे तिथे ही वेळ पुरायची नाही. पण शर्यत नसेल तर पंधरा मिनिटांचं बंधन तरी कशाला? खिडकीवरचे अर्ज आदल्या संध्याकाळपासून घ्या. कामावरून परत येणारा माणूस संध्याकाळच्या लोकलमधून उतरला, खिडकीवर नाव, गाडी आणि पैसे दिले, पावती घेतली, घरी जाऊन जेवला. सकाळी सव्वादहाला मोबाइलवर निरोप. ज्यांचं आधार मुलाच्या मोबाइलला जोडलंय किंवा कुठल्याच मोबाइलला जोडलेलं नाही, अशी माझ्या वयाची पुष्कळ माणसं इथे आहेत. त्यांना खिडकीवर कार्ड दाखवून चिठ्ठी टाकता आली पाहिजे.

आणि मग रेल्वेने वेळ जरूर मोजावी. फक्त घड्याळ त्या माणसाने पावती घेतली तिथे सुरू करावं, आणि त्याला जागा मिळाली किंवा पैसे परत मिळाले तिथे बंद करावं.